कुत्र्याचे शेपूट आणि बंदुकीची नळी

मी एका बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. त्यातली पहिली बरीच वर्षे खेडेगावांतल्या शाखांत गेली. १९८४ साली ज्या शाखेत मी शेतीकर्जांचा अधिकारी म्हणून रुजू झालो, तिच्या दारात पहाऱ्याला एक हवालदार असत. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, झुपकेदार मिशांचे, मितभाषी. लोखंडी स्टुलावर ते बसत आणि त्यांच्या मांडीवर बारा बोअरची दुनळी बंदूक आडवी असे. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची. शेजारच्या गावातल्या एका इनामदार घराण्याकडून त्यांनी ती विकत घेतली होती. नळ्यांच्या पोटाशी एका लंबगोलात तीन रोमन अक्षरे आणि वर मुकुट असा बारीक ठसा होता. तो बेल्जियममधल्या लिएज शहराच्या बंदूक-तपासणी केंद्राचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या वेळी माझे लक्ष वेधून घेत असे तो ठसा नव्हे. नळ्या जिथे दस्त्याला मिळतात तिथल्या पोलादावर कोरलेला एक कुत्रा.

कुत्रा बोटाच्या दोन पेरांएवढा. पुढचा एक पाय दुमडून उचललेला, मान पुढे काढलेली, नाक वाऱ्याकडे, आणि शेपूट मागे ताठ, थेट पाठीच्या रेषेत. त्याच्या समोर चार-सहा रेघांत उभे केलेले गवत आणि त्या गवतात एक पक्षी. पक्षी उडालेला नाही, कुत्रा झेपावलेला नाही. मी एकदा कौतुकाने पाहत उभा होतो तेव्हा हवालदार म्हणाले, ''सायेब, ह्ये कुत्रं आमच्यापरीस इमानी. मानूस येईस्तवर जागचं हलायचं न्हाई.'' माझ्या पुढच्या टेबलावर कर्जप्रकरणांचा ढीग असे. त्या ढिगातून डोके वर काढले की मला तो न हललेला कुत्रा दिसे.

शिकारीशी माझा तेवढाच संबंध. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्यामुळे आमच्या पिढीतल्या पांढरपेशा माणसाला तितर आणि लावा हे पक्षी माहीत असले तर पुस्तकातून. तरीही आज मी रविवारच्या या पानावर वाचकांना कुत्र्याच्या शेपटाची गोष्ट सांगायला बसलो आहे. ती गोष्ट शेवटी शिकारीची राहत नाही, असे माझे मत आहे.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता मुलीकडे गेलो. ती अमेरिकेत टेनेसी राज्यात मेम्फिसला असते. तिच्या शेजारी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. मी बँकेत होतो आणि कादंबऱ्या लिहितो हे कळल्यावर त्यांनी मला आपल्या आजोबांची बंदूक दाखवायला बोलावले. कनेक्टिकट राज्यातल्या मेरिडन गावी पार्कर बंधूंच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडवलेली ती दुनळी बंदूक. तो कारखाना १९३४ साली रेमिंग्टन कंपनीने घेतला आणि जुन्या पार्कर बंदुका हळूहळू संग्राहकांच्या कपाटात गेल्या. शेजाऱ्यांनी फडके बाजूला केले आणि मी थबकलोच. पोलादावर दोन कुत्रे पक्ष्यावर नजर रोखून उभे होते. पाय उचललेला, मान पुढे, शेपूट पाठीच्या रेषेत. आमच्या हवालदारांच्या कुत्र्याचे हे सख्खे भाऊ शोभले असते.

मग ते मला परसात घेऊन गेले. तिथे जाळीच्या मागे खरे कुत्रे होते, पॉइंटर जातीचे. मासे पकडायच्या काठीला दोरी आणि दोरीला पक्ष्याचे पंख बांधून त्यांनी ते पंख एका चार महिन्यांच्या पिल्लापुढे गवतात टेकवले. पिल्लू धावत आले आणि एकदम दगडासारखे थांबले. पाय उचलला, मान पुढे झाली. पण शेपूट? शेपूट पाठीच्या रेषेत नव्हते. ते झेंड्याच्या काठीसारखे सरळ आभाळाकडे गेले होते.

मी विचारले, ''यातला खरा कोण? बंदुकीवरचा की हा?''

ते हसले. म्हणाले, ''दोन्ही खरे. फक्त मधे शंभर वर्षे गेली आहेत.''

ही शंभर वर्षे काय करत होती, ते मग मी वाचायला घेतले.

पॉइंटर आणि सेटर या कुत्र्यांचे काम मुळात एकच. गवतात दडलेल्या तितर-लाव्याचा वास वाऱ्यावरून घ्यायचा, पक्षी उडणार नाही इतक्या अंतरावर थांबायचे आणि मालक येईपर्यंत त्या दिशेला रोखून उभे राहायचे. साध्या कुत्र्यातही भक्ष्यावर झेप घेण्यापूर्वी एक क्षणभर थबकण्याची वृत्ती असते. माणसाने निवड करून करून तो क्षण लांबवला. झेप काढून टाकली आणि थबकणे तेवढे ठेवले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने एवढे साधते, ही गोष्टच मुळात थोर आहे.

पण हा थबकलेला कुत्रा दिसावा कसा, हे काळाप्रमाणे बदलत गेले. बंदूक हाती येण्यापूर्वी हे पक्षी जाळ्याने धरत. कुत्र्याने जमिनीशी दबून बसायचे आणि माणसांनी जाळे त्याच्या अंगावरून ओढत नेऊन पुढच्या पक्ष्यांवर टाकायचे. 'सेटर' हे नाव त्या दबून बसण्यावरूनच आले. त्या काळी कुत्रा जितका खाली तितका चांगला. शेपूट वर असते तर जाळ्यात अडकले असते. पुढे उडत्या पक्ष्यावर बंदूक चालवण्याची रीत आली, तेव्हा दबून बसण्याची गरज उरली नाही. कुत्रा उभा राहिला. इंग्लंड-स्कॉटलंडातल्या कापणी झालेल्या शेतांत आणि खुरट्या झुडपांच्या माळांवर शिकारी पायी चालत असे, आणि पन्नास-शंभर पावलांवर उभा असलेला कुत्रा त्याला सहज दिसे. शेपूट पाठीच्या रेषेत असले तरी काही बिघडत नव्हते. उलट नाक, पाठ आणि शेपूट यांची एक रेघ झाली की पक्षी कुठे आहे हे त्या रेघेवरूनच कळे.

याच काळात कुत्रा आणि बंदूक यांची सोयरीक छापील नियमांत बांधली गेली. १८५९ सालच्या जूनमध्ये न्यूकॅसल येथे जे प्रदर्शन भरले, ते इंग्लंडातले पहिले व्यवस्थित श्वानप्रदर्शन मानले जाते. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, एकूण साठ. बक्षिसे होती दुनळी बंदुका, तिथल्याच पेप नावाच्या बंदूककाराने घडवलेल्या. आणि निकाल? सेटरांत पहिला आलेला कुत्रा पॉइंटरांच्या परीक्षकाचा, आणि पॉइंटरांत पहिला आलेला सेटरांच्या परीक्षकाचा. ज्यांनी बँकेतल्या बढतीच्या मुलाखती दिल्या आहेत, त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

१८६५ साली बेडफर्डशायरमधल्या साउथहिल येथे या कुत्र्यांची पहिली मैदानी परीक्षा झाली. मांडवात उभे करून नव्हे, तर शेतात सोडून. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. त्या क्लबच्या पॉइंटरच्या मानकात शेपटाबद्दल आजही स्पष्ट लिहिलेले आहे: ते पाठीच्या पातळीत असावे, वर वळलेले नसावे, आणि कुत्रा चालत असताना ते दोन्ही बाजूंना झटकत राहावे. म्हणजे आमच्या हवालदारांच्या बंदुकीवरचा कुत्रा इंग्लंडात आजही उत्तीर्ण होईल.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथली पहिली मैदानी परीक्षा १८७४ साली झाली, तीही नेमकी मेम्फिसजवळ. १८९६ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली आणि १९१५ पासून ती टेनेसीतल्याच ग्रँड जंक्शन गावाजवळ एम्स यांच्या मळ्यावर होते. तिथे कुत्र्याला तीन तास अखंड पळावे लागते. पळतो तोही आपल्या डोळ्यांसमोर नव्हे, तर पार क्षितिजाला टेकून. परीक्षक आणि प्रेक्षक घोड्यावर असतात. गवत कमरेइतके. अशा गवतात दोन-तीन फर्लांगांवर कुत्रा थांबला तर घोड्यावरच्या माणसाला काय दिसणार? पाठीच्या रेषेतले शेपूट गवतात बुडून जाते. वर गेलेले शेपूट दिसते. ज्याचे दिसते त्याचे काम नोंदले जाते. ज्याचे काम नोंदले जाते तो जिंकतो आणि जो जिंकतो त्याची पिल्ले विकली जातात. पुढचे सगळे आपोआप होते.

हे एका दिवसात झाले नाही. एडमंड ऑस्टहाउस नावाच्या चित्रकाराने त्या राष्ट्रीय स्पर्धेतले जुने विजेते रंगवले, आणि बंदुकीची दारू तयार करणाऱ्या ड्यू पाँट कंपनीने ती चित्रे छापून घरोघर पोचवली. त्या चित्रांतल्या विजेत्यांची शेपटे बहुधा पाठीच्या रेषेत, फार तर थोडी वर. विसाव्या शतकात पिढी दर पिढी ती चढत गेली. आता मैदानी स्पर्धांच्या जगात 'बारा वाजलेले शेपूट' हा गौरवाचा शब्द आहे. नाक तीनच्या आकड्याकडे धरले तर जुने शेपूट नऊवर होते, नवे बारावर आले. आपल्याकडे बारा वाजणे याचा अर्थ निराळा आहे, हे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा ते पोट धरून हसले. गंमत म्हणजे त्याच देशातल्या अमेरिकन केनेल क्लबचे मानक सांगते की, पॉइंटरचे शेपूट पाठीच्या रेषेपासून वीस अंशांपेक्षा अधिक वर नसावे. मैदानी कुत्र्यांची वंशावळीची वही वेगळी, प्रदर्शनातल्या कुत्र्यांची वेगळी. जातीचे नाव एक आणि घड्याळे तीन.

म्हणजे शेपटाचा इतिहास हा खरे तर बघणाऱ्याच्या जागेचा इतिहास आहे. जाळे घेऊन येणाऱ्यासाठी कुत्रा दबला. पायी चालणाऱ्यासाठी तो उभा राहिला. घोड्यावर बसणाऱ्यासाठी त्याने शेपूट वर केले. पक्ष्याचा वास या तिन्ही काळांत तोच होता.

आता बंदुकीवरच्या कुत्र्याकडे पुन्हा येऊ. कारण मला पहिल्यांदा असे वाटले की, जुन्या बंदुका हा या बदलाचा पक्का पुरावा आहे. बँकेत खातेदाराची नमुना सही कार्डावर घेऊन ठेवतात आणि पुढे चेक आला की त्या सहीशी ताडून पाहतात. बंदुकीवरचा कुत्रा म्हणजे जातीची नमुना सही. पण मुरलेला अधिकारी नमुना सहीवरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. ती सही कुणी, कुठे बसून केली हे तो विचारतो.

तसे विचारले की दोन गोष्टी पुढे येतात. पहिली जागेची. बंदुकीच्या त्या भागाचे पोलाद आडवे, लांबट आणि अरुंद असते. त्यात कुत्रा बसवायचा तर तोही आडवाच बसवावा लागतो. आभाळाकडे गेलेले शेपूट काढायचे तर कुत्रा लहान करावा लागेल किंवा शेपटाचे टोक कडेबाहेर जाईल. पाठीच्या रेषेतले शेपूट मात्र त्या पट्टीत मापून घेतल्यासारखे बसते. दुसरी गोष्ट कारागिराची. पोलादाला आगीत कठीणपणा देण्याआधी, ते मऊ असतानाच, छिन्नीने आणि हातकोरणीने हे काम करावे लागते. रेघ एकदा गेली की पुसता येत नाही. म्हणून हात बसलेला नमुना पुन्हा पुन्हा कोरला जातो. गुरूच्या कामाचा शाईचा छाप शिष्याकडे येतो, त्याचा पुढच्या शिष्याकडे. लिएजच्या किंवा मेरिडनच्या बाकावर बसलेल्या कारागिराने शेतात रोखून उभा असलेला कुत्रा कधी पाहिला असेलच असे नाही. त्याने पाहिलेला असतो तो आधीच्या बंदुकीवरचा कुत्रा. बेल्जियममध्ये बनणाऱ्या ब्राउनिंगच्या 'सुपरपोज्ड' या एकावर एक नळ्यांच्या बंदुकीच्या एका श्रेणीचे तर नावच 'पॉइंटर' होते. तीवर कुत्रे कोरलेले असत. अशी श्रेणी ठरली की चित्रही ठरते, आणि मग शेतातला कुत्रा बदलला म्हणून चित्र लगेच बदलत नाही.

म्हणजे बंदुकीवरचे शेपूट आडवे आहे याला दोन कारणे आहेत: कुत्रा तसा होता, आणि पोलाद तसे होते. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे एकट्या बंदुकीवरून सांगता येणार नाही. त्यासाठी लिखित मानक, चित्रे, छायाचित्रे असे दुसरे कागद शेजारी ठेवावे लागतात. उलट, १९०० सालची म्हणून दाखवलेल्या बंदुकीवर बारा वाजलेल्या शेपटाचा कुत्रा दिसला, तर मी जुना बँकवाला म्हणून आधी दुसरा कागद मागीन, मग किमतीचे बोलीन.

आपल्याकडे म्हण आहे की, कुत्र्याचे शेपूट कितीही वर्षे नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. या कुत्र्यांच्या पैदासकारांनी ही म्हण खोटी पाडली. नळी न वापरता, केवळ कुणाची पिल्ले ठेवायची आणि कुणाची नाही हे ठरवून, त्यांनी शेपूट सरळ केले आणि मग उभेही केले. त्यांच्या चिकाटीला दाद दिलीच पाहिजे. आणि ते उगाच सौंदर्याच्या नादी लागले, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. शेजाऱ्यांनी मला एक गोष्ट समजावली. मार खाऊन शिकलेला, भेदरलेला कुत्रा पक्ष्यावर थांबला तरी त्याचे शेपूट पडते. ज्याला कामात आनंद आहे आणि मालकाची भीती नाही, त्याचे शेपूट उभारी धरते. म्हणून जाणता परीक्षक शेपटात कुत्र्याचे मन वाचतो, आणि कुत्र्याच्या मनात शिकवणाऱ्याचा हात. शेपटाला गुण देण्यामागे हा शहाणपणा होता.

मी विचारले, ''मग आता?''

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''आता काही पिल्लांचे शेपूट हाडातूनच वर असते. ज्यांचे नसते त्यांचे आम्ही हाताने वर करतो.'' पक्ष्यावर थांबलेल्या कुत्र्याच्या शेपटाखालून हळूच वरच्या दिशेने हात फिरवतात, रोज, म्हणजे त्याला तशी सवय लागते. त्यांनी ते मला करूनही दाखवले. अतिशय मायेने करत होते. पण मला जे समजले ते असे की, शेपूट आधी बोलत होते. कुत्रा निर्भय आहे की नाही हे सांगत होते. आता ते जन्मतःच वर असले किंवा हाताने वर केलेले असले, तर ते काहीच सांगत नाही. ज्या साक्षीदाराला आपण बक्षीस लावले, तो हवे ते बोलू लागला. त्याची साक्ष संपली.

त्याची किंमतही असते, आणि ती हिशेबाची असते. एका विणीत आठ पिल्ले झाली. नाक, पाय, दम, स्वभाव यांवर निवडायचे तर आठांतून एक-दोन उरतात. त्यात शेपूट ही पाचवी अट घातली की कदाचित सर्वांत तिखट नाकाचे पिल्लू बाद होते. निवडीला मर्यादा असते. एका गुणावर खर्च केली की दुसऱ्यावर तितकी उरत नाही. शेजाऱ्यांचे यावर उत्तर होते की, तीन तास पळून पक्षी शोधल्याशिवाय नुसत्या शेपटावर कुणी जिंकत नाही. ते खरेच आहे, आणि म्हणूनच ही जात अजून कामाची राहिली. मैदानाची अट सुटली असती तर फक्त शेपूट उरले असते.

हे ऐकत असताना मला हवालदारांची बंदूक आठवली, आणि तिच्यापाठोपाठ एक म्हैस.

त्या काळात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. १९८० च्या ऑक्टोबरपासून तो देशातल्या सर्व विकासगटांत लागू झाला होता. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या किंवा शिलाई यंत्र घेऊन द्यायचे, काही अनुदान, काही कर्ज. हेतू उत्तम. पण तपासणीला येणारा अधिकारी एका दिवसात चार गावे पाहणार. तो म्हशीचे दूध कसे मोजणार? तो कान पाही. विम्याचा पितळी बिल्ला कानात आहे का, त्याचा नंबर कागदाशी जुळतो का. बिल्ला नाही तर विम्याचा दावा नाही, असा नियमच होता. त्यामुळे आम्हीही कान पाहू लागलो. माझ्या शाखेची सगळी प्रकरणे बिल्ल्यासह, फोटोसह पक्की असत. उद्दिष्ट पुरे झाले म्हणून मला वरून शाबासकीचे पत्र आले. ते मी अनेक वर्षे जपून ठेवले होते.

त्या प्रकरणांत एक विधवा बाई होत्या. बाजारात खरेदी समितीने पसंत केलेली म्हैस त्यांना मिळाली. दोन महिन्यांत पारडू मेले आणि म्हैस आटली. हप्ते थकले. मी नियमाप्रमाणे नोटीस काढली. एका सकाळी बाई म्हशीला दावे लावून थेट शाखेच्या दारात आल्या. हवालदार उठून उभे राहिले. मी बाहेर आलो. बाई शांतपणे म्हणाल्या, ''सायेब, कान बगा. बिल्ला हाय का न्हाई? आता सड बी बगा.''

मी काय केले? हप्ते लांबवून दिले. म्हणजे एक कागद बदलून दुसरा केला. म्हशीला दूध त्याने आले नाही. तिची खरेदी करताना आमच्यापैकी कुणी दोन वेळा धार काढून पाहिली असती, तर ती म्हैस त्या घरात गेलीच नसती. पण धारेचा रकाना आमच्या अर्जात नव्हता आणि बिल्ल्याचा होता. पंधरा वर्षांनी, १९९९ साली, तो कार्यक्रम दुसऱ्या योजनेत विलीन झाला. त्या बाईंचे कर्ज त्याआधीच कधीतरी बुडीत खात्यात गेले होते. बाईंच्या घरी काय गेले, त्याचे खाते आमच्याकडे नव्हते.

म्हणून कुत्र्याच्या शेपटाची ही चर्चा मला परदेशातल्या हौशी लोकांची वाटत नाही. आपल्या दारातही ती आली आहे. मुधोळचा शिकारी कुत्रा वाचकांना माहीत आहे. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात असले, तरी ते घोरपड्यांचे संस्थान. मालोजीराव घोरपडे यांनी ही जात सांभाळली आणि तिची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली. २००५ साली तिचे टपाल तिकीट निघाले, २०१६ साली लष्कराने मेरठच्या आपल्या केंद्रात काही मुधोळ कुत्रे प्रशिक्षणासाठी नेले. हा वासावर थांबणारा कुत्रा नव्हे. हा नजरेने सावज हेरून मोकळ्या रानात पळणारा. त्याचे ते काम कायद्याने थांबले, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे प्रश्न अधिक अवघड झाला. पॉइंटरच्या शेपटाला निदान मैदानाचा धाक आहे. मुधोळच्या कुत्र्याला आता प्रदर्शनाचा मांडवच उरला, तर मांडवात खुर्चीवर बसलेल्या माणसाला जे दिसते तेच वाढत जाईल: आणखी बारीक कंबर, आणखी लांब तोंड. उन्हात टिकण्याची ताकद, मेंढरांमागे दिवसभर चालण्याचा दम, कमी खाण्यावर निभावण्याची सवय, यांतले काहीच खुर्चीवरून दिसत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. जिथे जिथे मानक लिहिले जाते, तिथे त्याच्या वर दोन ओळी आधी लिहाव्यात: हा प्राणी कोणत्या कामाचा आहे, आणि त्याला पाहणारा कुठे उभा आहे. कुत्र्याला पळवून, उन्हात चालवून पाहिल्याशिवाय त्याला बक्षीस देऊ नये. आणि आजच्या कुत्र्यांची मापे, छायाचित्रे, त्यांच्या कामाच्या नोंदी नीट ठेवाव्यात, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला ताडून पाहता येईल. पार्करच्या बंदुकीवर दोन कुत्रे कोरलेले होते म्हणून मला विचारावेसे तरी वाटले की, मधे काय झाले. आपल्या जातींच्या अशा खुणा फार थोड्या आहेत.

हवालदारांची आणि माझी शेवटची भेट माझी बदली झाली त्या दिवशीची. त्या म्हशीची सकाळ होऊन काही महिने लोटले होते. निरोपाचा चहा झाला, मी दाराशी आलो आणि सहज म्हणालो की, तुमच्या या कुत्र्याचे शेपूट काय सरळ आहे हो हवालदार. आपल्या गल्लीतल्या एकाचे तरी असे पाहिले आहे का?

हवालदारांनी बंदूक थोडी तिरपी करून कुत्र्याकडे पाहिले. म्हणाले, ''सायेब, त्येचं ध्यान पाखराकडं हाय. शेपटाकडं न्हाई.''

मी हसून गाडीत बसलो. शाबासकीचे ते पत्र माझ्या बॅगेतच होते.